भुकेलं पाणी

सगुणाच्या तोंडाला लागण्यापेक्षा खाडीतल्या कालवांवरून अनवाणी चालावं, असं बाळकुमात म्हणायचे. कालवं तळपाय कापतात, पण निदान मागून येऊन बोलत नाहीत.

ती मूळची कोपरीची. तिच्या बापाचा जन्म मिठागरात गेला. त्याला मुलगा नव्हता, म्हणून पोरीलाच बांधावर घेऊन बसायचा. खाडीचं पाणी भरतीला आत घ्यायचं, मोठ्या तळ्यात उन्हाला टाकायचं, आटलं की त्याहून उथळ तळ्यात सोडायचं, आणि शेवटच्या तळ्यात ते पुरतं तापून जड झालं, की मगच छोट्या खणांत घ्यायचं. खणात मीठ बसतं. हे आगरातलं कुठलंही शेंबडं पोर सांगेल. पण शेवटच्या तळ्यातलं पाणी खणात सोडायचं नेमकं कधी, हे सांगणारी माणसं अख्ख्या खाडीकाठी दोन-चारच. सगुणाचा बाप त्यातला एक.

त्याची रीत साधी होती. एका करवंटीत तळ्यातलं पाणी घ्यायचं. त्यात जाड मिठाचा एक टोकदार खडा टाकायचा आणि तंबाखू मळून, तोंडात टाकून, ती संपेपर्यंत थांबायचं. मग खडा काढून बोटानं चाचपायचा. कोपरे बोथट झाले असले, तर पाणी अजून भुकेलं. त्यात मीठ मावतंय, म्हणून ते खातंय. खडा टाकला तसाच टोचला, तर पाणी धालं. धालेल्या पाण्याच्या पोटात आता कणभर जागा नाही. अशा पाण्यातून ऊन थोडं जरी पाणी उडवून नेईल, तरी तेवढं मीठ त्याला खाली टाकावंच लागतं.

"भुकेलं पानी खनात घेतलंस तं आधीचं बसलेलं मीठ पन खाईल," बाप सांगायचा. "आणि मीठ बसल्यावर जे तांबडं, तेलासारखं पानी वर उरतं ना, ते कडू. ते खाडीत घाल. त्याचा लोभ करशील तं मिठाचं औषध होईल, जुलाबाचं."

लग्न होऊन बाळकुमात येताना सगुणानं हे सगळं पदराला बांधून आणलं. नवरा चंदू भला माणूस होता. दोघांनी मिळून खाडीकाठच्या दलदलीच्या, खाजणाच्या कडेला चार खण बांधले. चिखल तुडवून तळ इतका घट्ट केला, की पायाची टाच उमटत नसे. शेजारचे चार खण धाकट्या दिराचे, दाजीचे. दोघांची तळी वेगळी, खण वेगळे. पण भावकीचा वाटा एक, म्हणून मीठ धक्क्यावर एकाच ढिगात पडायचं आणि तिथून होडीनं कल्याणला जायचं.

चंदू तापानं गेला, तेव्हा लग्नाला नऊ वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी दाजी ओसरीवर येऊन बसला.

"वयनी, आता तुना चार खन कशाला? मी बघतो. तुना बसून जेवायला देईन."

"बसून?" सगुणा म्हणाली. "तुजी बायको मना उभ्यानं पन जेवू द्यायची नाय. खन माजं हायत. ऊठ."

दाजी उठला. पण ओसरीवरून उठला तेवढंच. मनातून तो त्या चार खणांवर बसून राहिला.

आगर होतं हरिहरपंतांचं. पंत ठाण्यात टेंभी नाक्याजवळ राहायचे आणि वर्षातून दोनदा आगरात यायचे. त्यांचा नियम बापजाद्यांपासूनचा: जो खण नीट राखेल, खण त्याचा, ज्याचं मीठ कडू निघेल, त्याचा खण भावकीतल्या दुसऱ्याला. ठाण्यावरून आगगाडी धावायला लागून तीसेक वर्षं झाली, राज्य कंपनीचं जाऊन राणीचं झालं, तरी हा नियम काही बदलला नव्हता. मग पंत थकले आणि त्यांचा मुलगा गुरुदत्त आगर बघायला लागला. गुरुदत्त मुंबईला शिकून आला होता. येताना त्यानं एक काचेची नळी आणली होती.

नळी वीतभर लांब, खाली फुगीर, फुग्यात शिशाचे छर्रे. ती पाण्यात सोडली की उभी तरंगायची. अंगावर आकडे होते. गुरुदत्तानं सगळ्या आगरवाल्यांना बांधावर बसवून समजावलं.

"पाण्यात जितका पदार्थ जास्त विरघळलेला, तितकं पाणी जड. पाणी जितकं जड, तितकी नळी वर उचलली जाणार. गोड्या पाण्यात ही शून्यापर्यंत बुडते. खाडीच्या पाण्यात तीन. पंचविसाचा आकडा पाण्याला टेकला, म्हणजे मीठ धरायला तयार. आता अंदाज नको, खडे नकोत, करवंट्या नकोत. पंचवीस!"

सगुणानं नळी हातात घेऊन उलटसुलट केली. तिला ती आवडली. खोटं कशाला सांगा? तिनं स्वतःच्या तळ्यात खड्याची परीक्षा घेतली आणि मग नळी सोडली. खडा टोचला तेव्हा नळी पंचविसाला उभी होती. "बरी हाय," ती म्हणाली. सगुणाच्या तोंडून एवढं कौतुक नवऱ्यालाही कधी मिळालं नव्हतं.

गुरुदत्तानं नळी ठेवायला दिली ती मात्र दाजीकडे. दाजी हात जोडून उभा राहायचा, 'हो धाकटं पंत, हो धाकटं पंत' करायचा. सगुणाला हात जोडता येत नसत. चिखलात राहून बोटं आखडली होती, असं ती सांगायची.

त्या साली माघापासून एक नवल घडायला लागलं. सगुणाच्या तळ्यातलं पाणी पंचविसावर यायला तेरा दिवस लागायचे. ऊन तेच, वारा तोच, खाडी तीच. पण दाजीचं पाणी नवव्या दिवशी पंचवीस दाखवायचं. गुरुदत्त स्वतः येऊन नळी बुडवून बघायचा आणि दाजीच्या पाठीवर थाप मारायचा.

"बघ, बघून शीक," तो सगुणाला म्हणाला. "तेच ऊन तुझ्याही तळ्यावर पडतं ना?"

"उनाला मी सांगितलंय, दिराकडं जास्त बघ म्हनून," सगुणा म्हणाली. "तरना हाय तो."

बांधावरचे हसले. गुरुदत्त नाही हसला.

चैत्र लागता लागता कल्याणहून होडी परत आली. भरून गेली होती तशीच भरून. व्यापाऱ्यानं निरोप पाठवला: मीठ कडू आहे, गोणीत ठेवलं की रडतं, गोण्यांखाली पाण्याची थारोळी साठतात, असलं मीठ गुरांपुढेही ठेवणार नाही.

गुरुदत्त लालबुंद होऊन आगरात आला. ढीग एकच, वाटेकरी दोन. त्यानं विचार केला तो शिकलेल्या माणसासारखा सरळ केला: एकाचं पाणी झटपट तयार होतं, नळीवर स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं; दुसरीचं रखडतं. मग वाईट मीठ कोणाचं?

"सगुणा, अष्टमीनंतर चारही खण दाजीकडे," त्यानं सांगितलं.

"माजं मीठ चाखून बघा."

"ढीग एक झालाय. आता काय चाखू?"

"मंग ज्याची चव कळंना त्याचा न्याव कसा करता?"

"नळी खोटं बोलत नाही," गुरुदत्त म्हणाला आणि वळला.

दाजीची बायको मंजुळा धक्क्यावरच उभी होती. ती मोठ्यानं म्हणाली, "नवरा खाल्ला, आता मीठ पन कडू क्येलं. हात लावील ते नासतं."

सगुणा तिच्याकडे बघून म्हणाली, "तुज्या नवऱ्याला मी कवा हात लावला नाय गो. तो आपसूक नासलाय."

पण घरी आल्यावर तिनं दार लावून घेतलं. चार खण गेले, तर जायचं कुठं? बाप मेलेला. कोपरीतलं घर चुलत्यांनी घेतलेलं. बाळकुमात राहायचं, तर मंजुळेच्या चुलीपाशी, मंजुळेच्या हातानं. त्यापेक्षा खाडी बरी.

अष्टमीला पाच दिवस होते. सगुणानं कामाचं सोंग घेऊन दाजीच्या बांधावर नजर ठेवली. तिसऱ्या दिवशी, भर दुपारी, सगळे सावलीला गेल्यावर तिला दाजी दिसला. बांधापलीकडे चिपीच्या झाडांच्या आडोशाला त्यानं एक खड्डा खणला होता, वर फळ्या टाकल्या होत्या. तो घडे भरभरून काढत होता आणि आपल्या तळ्यात ओतत होता. घड्यातून पडणारी धार तांबूस होती, आणि ती पाण्यासारखी खळखळत नव्हती. तेलासारखी मुकाट्यानं पडत होती.

सगुणा बांधाआड वाकून बघत राहिली. खणातून मीठ काढल्यावर खाडीत घालायचं ते कडू पाणी! दाजी ते साठवत होता. अर्धंकच्चं तळ्याचं पाणी आणि त्यात हे जडशीळ कडू पाणी. दोन्ही मिळून भार पंचविसाचा होणार. नळी वर येणार. पण भार मिठाचा कुठं? तो त्या दुसऱ्याच कडू जिनसाचा.

दाजी मूर्ख नव्हता, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा पटलं. नळी काय बघते आणि काय बघत नाही, हे गुरुदत्ताच्याही आधी त्यानं ओळखलं होतं. त्याचा तिला जास्तच राग आला. मूर्खाला माफ करता येतं.

ती ओरडली नाही. खड्डा दाखवला असता, तर दाजी म्हणाला असता, खाडीत घालायला साठवलंय. ती गप्प राहिली आणि ही गोष्ट बाळकुमात कोणी पाहिली असती, तर त्यांना आधीच भीती वाटली असती.

अष्टमीला गुरुदत्त आला. सोबत काळुराम होता. काळुराम आगरातला सगळ्यांत जुना माणूस. बांधाची, वाट्याची, एकमेकांच्या कामाला जायच्या सावडीची भांडणं तोच तोडायचा. दाजी धुतलेलं धोतर नेसून उभा होता.

"खन न्या," सगुणा म्हणाली. "पन आधी दोन्ही तळ्यांत नली बुडवा."

गुरुदत्तानं बुडवली. दाजीच्या तळ्यात पंचवीस. सगुणाच्या तळ्यात, तेराव्या दिवशी, पंचवीस.

"सारखंच की," गुरुदत्त म्हणाला.

"सारखं ना?" तिनं दोन करवंट्या पुढं ठेवल्या. "तुमीच भरा. तुमच्या हातानं."

त्यानं भरल्या. तिनं दोन खडे दिले, सुपारीएवढे, कडक कोपऱ्यांचे. तेही त्यालाच टाकायला लावले. मग सगळे उन्हात उभे. काळुरामानं तंबाखू मळली. मंजुळा बांधावरून म्हणाली, "जादू करतंय वाटतं बाय."

काळुरामानं तंबाखू थुंकली आणि खडे काढले. सगुणाच्या करवंटीतला खडा त्यानं गुरुदत्ताच्या तळव्यावर दाबला. गुरुदत्तानं हात मागे घेतला, टोचला होता. दाजीच्या करवंटीतला खडा चोखलेल्या बोरासारखा गुळगुळीत झाला होता.

"पण आकडा तर एकच आहे," गुरुदत्त पुटपुटला.

"धाकटं पंत, नली भार सांगते. कशाचा भार ते कुठं सांगते? पान्यात गूळ घाला, तरी ती वर येईल. मंग काय गुळाचं मीठ होईल? माज्या पान्यात मीठ भरलंय, म्हनून त्याना अजून मीठ नको. याच्या पान्यात जागा हाय, म्हनून ते खडा खातंय. भार हाय तो कडू पान्याचा. चिपीच्या आड खड्डा हाय, जाऊन बघा."

गुरुदत्तानं दाजीकडे बघितलं. दाजीचा चेहरा क्षणभर उतरला, मग आवळला.

"खड्डा खाडीत सोडायच्या पान्याचा. आनि खडं तिनं आनलं. एक खडा कोवला असंल, एक जून. तिचीच करवंटी, तिचाच न्याव!"

"बरं," सगुणा म्हणाली. "करवंटी नको. तुजा चौथा खन पिकलाय. उद्या ओढायचाय. हो ना? वीतभर मीठ बसलंय त्यात. तुज्या तळ्यातलं पानी धालेलं असंल, तर तुज्या मिठाला ते कायच करनार नाय. उलट अजून मीठ देईल. सोड आत."

बांधावर बसलेले उठून उभे राहिले.

काळुराम पुढं झाला. "सगुने, नको गो. पीक हाय. मिठाशी असा खेल करू नाय. धाकटं पंत, समजलं आमाला. मिटवा."

खरं तर इथंच मिटायचं. दाजीनं मान खाली घातली असती, तरी पुरे होतं. पण समोर वहिनी होती, मागं बायको होती, आणि बाळकुमातला पुरुष बायकांच्या मधोमध उभा राहिला की त्याची मान खाली जात नाही.

"माजं पानी धालेलं हाय!" दाजी ओरडला. "हिंमत असंल तर तूच काढ फली!"

त्याला वाटलं, ती काढणार नाही. तयार मिठावर हात टाकणं म्हणजे भरल्या ताटाला लाथ मारणं. आगरातली बाई ते करणार नाही. सगुणा चालत गेली, गुडघ्यावर बसली आणि तळं आणि खण यांच्या मधली फळी दोन्ही हातांनी ओढून काढली.

पाणी खणात शिरलं. शुभ्र, खडबडीत थरावर ते तांबूस पसरत गेलं. पहिली घटका काहीच झालं नाही. दाजी हसला. मंजुळा हसली. दुसऱ्या घटकेला थराच्या टोकांची चमक गेली. ऊन कलायला लागलं तेव्हा काळुरामानं वाकून बोटानं दाबलं, तर बोट थरात आरपार गेलं. दुपारी ज्यावर माणूस उभा राहत होता, तो थर आता शिळ्या पेजेसारखा झाला होता. मीठ जात होतं. डोळ्यांदेखत, कोणी न उचलता, कोणी न चोरता, पाणी ते खात होतं.

दाजीनं फळी परत लावायला धाव घेतली. "थांब," गुरुदत्त म्हणाला. "राहू दे."

मंजुळेनं छाती बडवली. "माज्या पोरांच्या तोंडातलं काढलंस! वांझोटी मेली! तुज्या जिभेला किडं पडतील!"

"पडू दे," सगुणा म्हणाली. "तुज्या नवऱ्यानं माजं खन खाल्लं असतं, तवा तुज्या तोंडातून एक शब्द निघाला नसता. आता पोरांची आठवन झाली."

गुरुदत्तानं नळी दाजीकडून मागून घेतली, रुमालानं पुसली, डबीत ठेवली. सगुणाकडे न बघता तो म्हणाला, "खण तुझे. कायमचे. दाजीनं कडू पाणी पुन्हा साठवलं, तर त्याचेही जातील." मग जरा थांबून, "पण हे तू मला करवंटीवरच पटवलं होतंस. पुढचं कशाला केलंस?"

"तुमाला पटलं होतं," ती म्हणाली. "त्याला नव्हतं."

चार दिवसांनी सगुणाचे खण पिकले. मीठ ओढायचं काम एकट्या माणसाचं नसतं. आगरात सावड असते: आज सगळे तुझ्या खणात, उद्या सगळे माझ्या. आठ-दहा माणसं लाकडी फावड्यांनी मीठ ओढतात, बायका टोपल्या वाहतात, एका सकाळी एक खण मोकळा. आणि ते वेळेवर व्हावंच लागतं. वरचं पाणी आटत राहिलं, तर पाण्यातलं मीठ संपून कडवटपणा खाली बसायला लागतो.

सकाळी सगुणा फावडं घेऊन बांधावर उभी राहिली. कोणी आलं नाही. शेजारच्या आगरात माणसं दिसत होती. कोणी मान वर केली नाही. उन्हं चढल्यावर काळुराम एकटाच काठी टेकत आला.

"मंजुलेच्या दारात जा," तो म्हणाला. "पाया पडू नको, नुसती उभी रहा. उद्या सावड येईल. लोक बोलतात, हिनं मीठ मारलं. खोटं बोलनारा दाजी, ते सगल्यांना ठावं हाय. पन मीठ मारलं तुज्या हातानं."

"मीठ पान्यानं खाल्लं, काका. आनि पानी कुनी भुकेलं ठेवलं?"

"तुजं खरं हाय गो. खरं हाय म्हनूनच सांगतो. जा."

"मी जानार नाय."

काळुरामानं काठी उचलली. "तुजा बाप असा नव्हता," तो म्हणाला.

"त्याला दीर नव्हता."

म्हातारा निघून गेला. सगुणानं हिशेब केला: एकटीनं एक खण ओढायला दोन दिवस. चार खणांना आठ. पाणी कडू व्हायला चार दिवस. दोन खण ती वेळेत ओढू शकत होती. उरलेल्या दोन खणांतलं पाणी आत्ताच खाडीत सोडलं, तर बसलेलं मीठ कोरडं राहील, बाटणार नाही. पण पाण्यात अजून विरघळून असलेलं अर्धं पीक पाण्याबरोबर जाईल.

तिनं तिसऱ्या आणि चौथ्या खणाच्या खाडीकडच्या फळ्या काढल्या. धालेलं, निवळ, पंचविसाच्या वरचं पाणी ओहोटीला लागून गेलं. मग ती पहिल्या खणात उतरली.

मंजुळा रोज दुपारी बांधावर येऊन बसायची आणि शिव्या मोजून द्यायची. सगुणा हात न थांबवता उलटून बोलायची. तळव्यांना चिरा पडल्या, चिरांत मीठ गेलं. ते मात्र ती कोणाला बोलली नाही. शेवटचा खण ओढून झाला, तेव्हा वैशाख लागला होता. तिचा ढीग त्या वर्षीपासून वेगळा पडायला लागला. पहिल्या साली तो तिच्या नेहमीच्या वाट्याहून कमी होता, आणि कल्याणच्या होडीवाल्यानं त्यातला एक खडा जिभेवर ठेवून, न थुंकता, भरायला रिकाम्या गोण्या होडीतून उतरवायला सांगितल्या.